सर नुसते पुटपुटतात

माझी वहिनी कारखान्यात प्रेस मशीन चालवते. नोकरी सांभाळून ऑनलाइन इंजिनिअरिंगची पदवी करावी की नाही, यावरून तिने वर्षभर आमचं डोकं खाल्लं. शेवटी मी वैतागून म्हटलं, "अगं, एक फुकटचा वर्ग तरी बघ!"

काल ड्युटीवरून आल्या आल्या ती मोबाइल घेऊन आतल्या खोलीत बसली आणि जरा वेळाने रडवेली होऊन बाहेर आली.

"सर नुसते पुटपुटतात गं. आवाज पूर्ण वाढवला, तरी एक अक्षर कळलं नाही. वय झालं माझं, आता हे जमायचं नाही."

तिच्यामागे सरांचा आवाज तर घरभर घुमत होता! मी कपाळावर हात मारला. कामाला बसायचं म्हणजे आधी कान झाकायचे, ही तिची कारखान्यातली सवय. मशीनच्या खडखडाटासाठी दिलेली जाडजूड कानझाकणी अजून तिच्या कानांवर होती. मी ती ओढून काढली. वहिनी दचकली, मग तिचा जीव भांड्यात पडला आणि ती हसतच सुटली.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "सूनबाई, तुळईवर भार कुठे पडतो, ते मला इथे भांडी घासता घासता कळलं. तू वयाचं काय घेऊन बसलीस?"