ड्राय फोर्कची ज्वालामुखीची पेटी

वर्ना हाउगेनचा दिवस पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी सुरू होई. चारला उठलं तर कॉफी होईपर्यंत नुसतं बसावं लागतं. सव्वाचारला उठलं तर गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडताना घाई होते, आणि घाईत कोपरे राहतात. हे तिने पहिल्याच हिवाळ्यात ठरवलं. पुढच्या एकोणीस वर्षांत त्यात बदल करायचं कारण पडलं नाही.

ती नॉर्थ डकोटातल्या एका कौंटी ग्रंथालयाची गाडी चालवी. खेड्यातल्या शिक्षकाने विषय कळवायचा, ग्रंथालयाने त्या विषयाची पंचवीस-तीस पुस्तकं झाकणाच्या पेटीत भरायची, वर्नाने ती गुरुवारी पोचवायची आणि वाचून झाली की परत आणायची. पेटी चाळीस पौंडांची. उचलताना गुडघे वाकवायचे, पाठ नाही. नव्या माणसाला ती हे एकदा सांगे. दुसऱ्यांदा त्याची पाठ सांगे.

प्रत्येक पेटीवर प्लास्टिकचा खिसा आणि खिशात एक कार्ड. कार्डाच्या एका बाजूला शाळेचं नाव, दुसऱ्या बाजूला ग्रंथालयाचं. शाळेबाहेर ठेवलेली पेटी चालकाने ग्रंथालयात आणायची; तिथून जे नाव वर, तिकडे ती जाणार. कार्ड उलटवायचं काम शाळेचं, चालकाने हात लावायचा नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी वर्नाने शहाणपणा करून एक कार्ड स्वतः उलटवलं होतं. एका वर्गाची अर्धी वाचलेली व्हेलमाशांची पेटी परत गेली. त्या वर्गाच्या बाई पुढची दोन वर्षं तिच्याशी हवामानापलीकडे काही बोलल्या नाहीत.

फेब्रुवारीतल्या शेवटच्या गुरुवारी सकाळी क्लेटन माल चढवायच्या दाराशी येऊन उभा राहिला. तो फेऱ्यांचा प्रमुख, वर्नाहून तीस वर्षांनी लहान. हातात कागद असल्याशिवाय तो तिच्याशी बोलत नसे.

"वर्ना, ड्राय फोर्क यादीतून काढतोय. आजची शेवटची फेरी."

"का?"

"ऑक्टोबरपासून एकही नवी मागणी नाही. एकच पेटी जाते आणि येते. तेरा मुलांसाठी नव्वद मैल."

"एकच पेटी का जाते?"

दोघांनी विल्फकडे पाहिलं. पेट्या लावून ठेवायचं काम विल्फचं. तो सँडविच खात होता.

"माझ्याकडे बघू नका," विल्फ म्हणाला. "मी नाव वाचतो. वर ड्राय फोर्क असेल तर ड्राय फोर्कच्या फळीवर. झाकण उघडायचा पगार मला नाही."

"आज दुपारी चारच्या आत नवी मागणी माझ्या टेबलावर आली तर राहील," क्लेटन म्हणाला. "पण जुनी पेटी जमा झाल्याशिवाय नवी देता येत नाही. नियम तुला माहीत आहेत."

नियम वर्नाला माहीत होते. पेटीही माहीत होती. ज्वालामुखीची, डावी कडी ढिली. एका गुरुवारी न्यायची, पुढच्या गुरुवारी उचलायची, त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा न्यायची. तिच्या लक्षात आलं होतं, आणि कार्ड आपलं नाही म्हणून ती गप्प बसली होती. पहिल्या वीस मैलांत तिने रेडिओ लावला नाही.

ड्राय फोर्कची शाळा म्हणजे एक खोली, पहिली ते सहावी. पेटी ओसरीत ठेवलेली होती. वर नाव ड्राय फोर्क. इथे थांबायचा वेळ चार मिनिटं. वर्नाने गाडी बंद केली आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा वर्गात पाऊल टाकलं.

मिस शॅफनर फळ्यापाशी होती. तिचं नोकरीचं पहिलंच वर्ष.

"पेटीचं कार्ड कोण उलटवतं?"

"मी. दर वेळी न चुकता." मिस शॅफनर घाबरली. "तरी पेटी परत येते. मला वाटलं, तुमच्याकडे दुसरी नसेल. तक्रार कशी करायची?"

"आणि बाहेर कोण नेऊन ठेवतं?"

बारा मुलांनी एका मुलीकडे पाहिलं. मॅरिट टॉल्सरूड, वय नऊ. ती उभी राहिली.

"आपलं नाव वर केलं की पेटी परत येते," ती म्हणाली. "मी करून बघितलं."

"परत कशाला हवी?"

"त्यात एक मोठं पुस्तक आहे. मधलं पान घडीचं आहे. ते एकेकाने आठवडाभर घरी न्यायचं, आडनावाच्या क्रमाने. नऊ जणांचं झालं. चौघं राहिलो. मी शेवटची."

"त्या पानावर काय आहे?"

"मला काय माहीत? माझी पाळी कुठे आलीय?"

"इतके महिने पेटी तूच उचलतेस. एकदा उघडून बघायचं."

मॅरिटने तिच्याकडे असं पाहिलं, जसं वर्ना पाठ वाकवून उचलणाऱ्याकडे पाहत असे.

"पाळी म्हणजे पाळी, मिसेस हाउगेन."

वर्ना एका छोट्या बाकावर बसली. बाक तिच्या मापाचं नव्हतं. आज पेटी गेली नाही तर मार्चपासून गाडीच येणार नाही, हे तिने मुलांना सांगितलं. मग दुसरी सोय सांगितली. ग्रंथालयाचं कार्ड विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर मिळतं, फुकट. त्यावर एकच पुस्तक मागवता येतं. गाडी ते नावाच्या पिशवीत आणून देते.

"म्हणजे मला पुढच्या गुरुवारी मिळेल?"

"मिळेल."

मॅरिटने विचार केला. "माझ्या आधी तिघं आहेत."

"मग चार अर्ज भरा. पुस्तक क्रमाने फिरेल."

"आणि गाडी येत राहील?"

"नवी पेटी मागितलीत तर."

विषयावरून वाद झाला. शेवटी उंदीर ठरले, कारण शाळेत होते. मिस शॅफनरने अर्ज भरले. मॅरिटने ओसरीत जाऊन कार्ड उलटवलं, खिसा अंगठ्याने दाबला, आणि मागे सरकली. वर्नाने पेटी उचलली. एकवीस मिनिटं गेली होती.

दर गुरुवारी ती वाटेतल्या कॅफेत बटाट्याचं आणि पिठाच्या गोळ्यांचं सूप घेई. त्या दिवशी कॅफेवरून गाडी न थांबवता काढली. कॅफेवाली दारात आली आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. चारला नऊ मिनिटं कमी असताना अर्ज क्लेटनच्या टेबलावर होते.

"चार विद्यार्थी कार्डं, एक पेटी," क्लेटनने वाचलं. "उंदीर? पकडायला?"

"ओळखायला."

"आणि हे काय, उशिराचं कारण? नुसतं 'कार्ड' लिहिलंयस."

"कार्डच होतं."

क्लेटनने यादीतल्या ड्राय फोर्कवर मारलेली रेघ खोडली. विल्फने पेटीवरचं नाव वाचलं आणि पहिल्यांदाच ती ग्रंथालयाच्या फळीवर ठेवली.

मॅरिटची पाळी एप्रिल महिन्यात आली. वर्नाने पिशवी तिच्या हातात दिली आणि पानाबद्दल विचारलं नाही. आपण रांगेत नाही, हे तिला कळत होतं.

जूनमध्ये ती निवृत्त झाली. गावातल्या दुकानात एक आरामखुर्ची तिने तीन वर्षांपासून बघून ठेवली होती. शेवटच्या पगारातून ती घ्यायची ठरलेली. दुकानदाराने तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "बसायची घाई नाही." त्या पैशांतून तिने ज्वालामुखीच्या त्याच पुस्तकाच्या चौदा प्रती मागवल्या. ग्रंथालयाच्या गाडीत खासगी सामान चालत नाही, म्हणून शाळा उघडल्यावर स्वतःच्या मोटारीतून नेल्या, दोन खेपांत ओसरीपर्यंत, गुडघे वाकवून. तेरा मुलांनी आपापल्या प्रतीवर नाव घातलं. सगळ्यांचं लिहून होईपर्यंत ती उभी राहिली.

चौदावी तिने स्वतःसाठी ठेवली. दुसऱ्या दिवशी ती चार वाजून दहा मिनिटांनी उठली, कॉफी केली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मधल्या पानाची घडी उघडली. टेबल पुरेना. लोण्याची बशी हलवावी लागली.