दादानं दिलेला तुकडा

मास्तर कपडे शिवायचे म्हणून मास्तर. पण गल्लीत त्यांची ख्याती होती ती खाण्यासाठी. त्यांना जेवायला बोलवायचं तर लोक आधी मोठं पातेलं शोधायचे. असा हा माणूस एका गोष्टीला मात्र टरकून होता, पोटाच्या कॅन्सरला. वडील त्यानंच गेले, आत्या गेली, आणि मग थोरला भाऊ, दादा, अंथरुणाला खिळला. ‘या घराला काहीतरी लागलंय,’ असं शेजारी दबक्या आवाजात म्हणत.

दादा हॉस्पिटलात असताना एक डॉक्टरीणबाई आल्या. हा कॅन्सर मुळात होतोच कशामुळे, याचा त्या शोध घेत होत्या. त्यांनी दादाकडे थोडं रक्त आणि गाठीचा छोटा तुकडा मागितला. मास्तर भडकलेच. “माझा भाऊ शेवटच्या घटका मोजतोय, आणि तुम्हाला तुकडे सुचतायत?”

“गप रे,” दादा उशीवरूनच म्हणाला. मग बाईंना विचारलं, “मला उपयोग होईल?”

“नाही. खोटं सांगणार नाही.”

“याला होईल?”

“कदाचित.”

“मग घ्या की!”

दादा गेला. पुढे बऱ्याच महिन्यांनी बाईंचा फोन आला, आणि मास्तर आपल्या बहिणीला, ताईला, घेऊन त्यांच्याकडे गेले.

“बऱ्याच जणांच्या पोटात एक जंतू वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो,” बाई म्हणाल्या. “आतलं अस्तर सुजवत राहतो, आणि त्यातल्या काहींना पुढे कॅन्सर होतो. काही थोड्या घरांत मात्र बिघाड जनुकातच असतो, आईबापांकडून मुलांकडे येणारा. तुमच्या दादांच्या रक्तात तो सापडलाय.”

दोघांच्या तपासण्या झाल्या. ताईच्या जनुकात काही नव्हतं, पण तिच्या पोटात जंतू निघाला. दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी तो गेला. “आणि मी मेली इतकी वर्षं जळजळीचं खापर सुनेच्या तिखट हातावर फोडत होते!” ताई म्हणाली, आणि घरी जाऊन खरोखरच सुनेची माफी मागितली.

मास्तरांच्या रक्तात मात्र दादासारखाच बिघाड होता. दुर्बिणीच्या तपासणीत पोट अगदी स्वच्छ दिसलं, पण असा कॅन्सर अस्तरात लपून वाढतो, म्हणून डॉक्टरांचा सल्ला एकच होता: जठर काढून टाका.

“काढून? मग जेवू कशात?”

“अन्ननलिका सरळ आतड्याला जोडतात. थोडंथोडं खायचं, सावकाश.”

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. कात्री हातात घेऊन तासन्‌तास नुसते बसून राहायचे. शेवटी बायको म्हणाली, “चारच घास खा. पण माझ्यासमोर बसून खा.” त्यावर ते तयार झाले.

ऑपरेशन झालं. काढलेलं जठर सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं, तर अस्तरात कॅन्सरचे बारीक बारीक ठिपके सापडले. दुर्बिणीला न दिसलेले, अजून कुठे न पसरलेले. हे ऐकलं आणि मास्तर भिंतीकडे तोंड करून ओक्साबोक्शी रडले. “मी दादाला अडवत होतो गं,” ते बायकोला म्हणाले.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. गोड खाल्लं की घेरी यायची, विजारी ढगळ झाल्या. पण हळूहळू बसलं बस्तान. “माझ्या पोटात गोष्ट राहत नाही म्हणायचात ना?” ते गिऱ्हाइकांना सांगायचे, “आता तर जागाच नाही!”

जरा ताकद आल्यावर त्यांनी बाईंकडे हट्ट धरला, “दादाच्या तुकड्यावर ज्यांनी काम केलं, त्यांना भेटायचंय.”

प्रयोगशाळा म्हणजे घरघरणारी यंत्रं, थंड कपाटं आणि करंगळीएवढ्या नळ्या. मास्तरांनी भाषण पाठ करून नेलं होतं, पण हात जोडले आणि सगळं विसरले. तिथे काम करणाऱ्या एका मुलीच्या कोटाच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या त्यांना दिसल्या. त्यांनी खिशातून टेप काढली.

“हात सरळ धर, पोरी.”

“अहो, राहू द्या…”

“धर म्हणतो ना!”

माप घेता घेता ते विचारते झाले, “माझा दादा माहितीये तुम्हाला?”

“आमच्याकडे नावं येत नाहीत, काका. नुसते नंबर.”

“सायकली दुरुस्त करायचा. शीळ तर अशी घालायचा, की रस्त्यावरची माणसं वळून बघायची.” मास्तर आता तिचा खांदा मोजत होते. बाकीची मंडळीही हातातलं काम ठेवून जवळ आली, आणि कुणीतरी स्टूल पुढे सरकवलं. “बसा ना काका,” ती मुलगी म्हणाली, “अजून सांगा त्यांच्याबद्दल.”