चालवून बघणारे भाऊ टिपणीस

बोरिवलीत त्या काळी लग्न जमवणारे पुष्कळ होते. कुणी पत्रिका घेऊन फिरायचं, कुणी फोटो. भाऊ टिपणीस माणसं घेऊन फिरायचे, आणि तेही जंगलात. स्टेशनच्या पूर्वेला तेव्हा वस्ती अशी नव्हतीच. रस्ता ओलांडला की शेतं, मग कृष्णगिरी उपवनाचं फाटक, आणि आत साग-ऐनाच्या झाडीतून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत गेलेली गाडीवाट. रविवारी सकाळी या वाटेवर दोन कुटुंबं एकमेकांकडे चोरून बघत चालताना दिसली की समजावं, भाऊंचं काम सुरू आहे.

भाऊ फोर्टातल्या एका विमा कंपनीत कारकून. अंगाने किडकिडीत, रविवारी खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर सोला हॅट, पायांत कॅनव्हासचे बूट. मुलगी दाखवण्याच्या पोह्यांवर त्यांचा जन्माचा राग. म्हणायचे, "खुर्चीवर बसलेला माणूस चांगलाच दिसतो. मुलगी मान खाली घालते, मुलगा भिंतीवरचं कॅलेंडर वाचतो, आणि सासू होणारी बाई पाकातून काढल्यासारखी बोलते. त्यांना चार मैल चालवा. तिसऱ्या मैलाला खरं माणूस बाहेर येतं."

याला ते 'चालवून बघणं' म्हणत. त्याचे कायदे होते. गाडी करायची नाही. ज्याचा डबा त्याने उचलायचा. जेवायचं वर, लेण्यांपाशी, सगळ्यांचे डबे एकत्र उघडून. मुलीला गाणं म्हणायला लावायचं नाही. बाकी पोरंटोरं आणावीत, त्यांनी करवंदीच्या जाळ्यांत घुसावं, गुहेत ओरडून प्रतिध्वनी काढावा, त्याला बंदी नव्हती. भाऊ स्वतः सगळ्यांच्या मागून चालायचे. मागून माणूस पुढच्यापेक्षा जास्त दिसतो, असं त्यांचं मत.

अंधेरीचा एक मुलगा, चांगला पदवीधर, वाटेत आडवी आलेली फांदी हाताने सारून पुढे गेला आणि सोडून दिली. ती मागच्या मुलीच्या तोंडावर सपकन बसली. भाऊंनी तिथल्या तिथे निकाल दिला. एका बाईने फाटकातून आत शिरताच आपली पिशवी मुलीच्या हातात दिली, तेही स्थळ गेलं. पण सगळ्यांत गाजला तो घाटकोपरचा निकाल. त्या मुलाने नाला ओलांडताना आईचा हात धरला, तो पलीकडे गेल्यावरही सोडला नाही, आणि बाकीचे दगडांवर घसरत राहिले. भाऊ म्हणाले, "हा नवरा नव्हे, श्रावणबाळ आहे. मोडा." हे वाक्य आमच्या कायस्थ मंडळींत घरोघरी फिरलं. भाऊंना त्याचा अभिमान होता. "मी ज्यांची लग्नं जोडली त्यांच्यापेक्षा ज्यांची मोडली त्यांनी मला जास्त आशीर्वाद दिलेत," असं ते सांगत. मोडलेल्यांपैकी एक अजून आमच्याच गल्लीत राहते आणि अविवाहित आहे. तिला आशीर्वादाबद्दल विचारायचं धाडस मी केलेलं नाही.

आता भाऊंना स्वतःची एक मुलगी होती, क्षमा. कांदिवलीच्या शाळेत शिकवायची. जीभ आईची, पाय बापाचे. तिला आलेली स्थळं भाऊंनी याच वाटेवर चालवली आणि याच वाटेवर मोडली. लोक बोलायला लागले की टिपणिसांना जावई नकोच आहे, रविवारला सोबत हवी आहे. भाऊंच्या बायकोच्या, वनमालावहिनींच्या कानावर ते गेलं.

मग मुलुंडच्या कर्णिकांचं स्थळ आलं. मुलुंड म्हणजे याच डोंगराची पलीकडची बाजू. कावळ्याला जवळ, माणसाला दादरवरून वळसा. मुलगा जयवंत, विक्रोळीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. वडील नाहीत, आई मालनबाई. क्षमाने त्याला मावसबहिणीच्या लग्नात पंगतीत वाढताना पाहिलं होतं आणि 'नको' म्हणाली नव्हती. क्षमाच्या बाबतीत हा होकारच.

"अहो, ऐका," वहिनी म्हणाल्या. "लोकांच्या मुलींची लग्नं डोंगरावर लावा. माझ्या मुलीचं जमिनीवर होऊ दे. पोहे करते."

"अगं, पण लोक काय म्हणतील? दुसऱ्यांना चालवतो आणि स्वतःचा व्याही खुर्चीवर बसवतो?"

"मग चालवा. पण हे स्थळ मोडलंत, तर पोरीला घेऊन मी पनवेलला माहेरी जाईन. रविवारी तुम्ही आणि तुमचे बिबटे."

भाऊ घाबरले. इतके, की दशरथला गाडी आणायला सांगून आले. हा जंगलातल्या पाड्यावरचा, गवताची बैलगाडी हाकायचा. "मालनबाईंना झेपलं नाही तर असावी," असं भाऊंनी मला सांगितलं. पाण्याचा तांब्या धरायला ते मला नेहमी नेत, म्हणून मला या गोष्टी कळत. कायदा मोडायची ही त्यांची पहिली वेळ.

माघातला रविवार होता. कर्णिक मायलेक वेळेवर आले. मालनबाई देहाने भरभक्कम, नऊवारी, पायांत कोरे करकरीत बूट. दशरथने गाडीत गवत पसरून वर सतरंजी घातली होती. मालनबाईंनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मला चालायची फार सवय आहे, भाऊसाहेब."

आणि त्या चालायला लागल्या. उजवा पाय टाकताना ओठ मिटायच्या. मागून रिकामी गाडी खडखडत येत होती, आणि बाई ती कुणा दुसऱ्यासाठी केली असावी अशा चालत होत्या.

जयवंतचं काय सांगावं! फांदी आली की धरून उभा, सगळे पुढे जाईपर्यंत. वहिनींची पिशवी त्याच्या खांद्यावर. तांब्या माझ्याकडून घेऊन पाणी आधी वहिनींना, मग क्षमाला. नाल्यात त्याने मलाही हात दिला. आईकडे मात्र ढुंकून बघेना. भाऊ माझ्या कानाशी म्हणाले, "हिरा आहे रे, हिरा." मी म्हटलं, "जरा जास्तच घासलेला वाटतो." भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उरलेला रस्ता पाखरं बघत काढला.

लेण्यांपाशी पोचलो. तिथे कातळात खोदलेल्या पायऱ्या चढाव्या लागतात. वर शेकडो वर्षांमागे भिक्षू सोडून गेले ते मठ, पाण्याची टाकी, आणि एका कडेला विटांच्या स्तूपांचे ढासळलेले बुंधे. मालनबाई पहिल्या पायरीवर बसल्या.

"तुम्ही व्हा पुढे. मी जरा इथली नक्षी बघते."

तिथे नक्षी नव्हती. नुसता काळा कातळ होता. जयवंत क्षणभर थबकला आणि वहिनींची पिशवी घेऊन वर गेला. क्षमाने ते पाहिलं. टाक्यापाशी तिने त्याला गाठलं. भाऊ आणि मी मठाच्या खांबाच्या अलीकडे होतो. ऐकू येणार नाही इतके लांब नव्हतो, आणि गेलोही नाही.

"तुमच्या आई खाली बसल्यात," क्षमा म्हणाली.

"हो. पाहिलं मी."

"पाहिलंत आणि वर आलात?"

"मला जाता येत नाही. म्हणजे, आज नाही."

"का?"

"घाटकोपरचा तो मुलगा आईचा हात धरला म्हणून नापास झाला ना? मुलुंडात सगळ्यांना ठाऊक आहे. आईनेच बजावलंय, माझ्या आसपास फिरकू नकोस. गाडी दाखवली तर ती पारख असेल, मी बसणार नाही. आठवडाभर माझ्याकडून घोकून घेतेय. फांदी धरायची. पाणी आधी मुलीच्या आईला. बिरडं फार आवडलं म्हणायचं."

"बिरड्याचा डबा अजून उघडलेला नाही."

"म्हणून तर अजून म्हणालो नाही."

क्षमा हसली नाही. "गुडघे दुखतात त्यांचे?"

"वर्ष झालं. जिना चढवत नाही, म्हणून आम्ही खालची खोली घेतली."

"आणि आज इथवर चालवलंत?"

"ती ऐकत नाही. तिला तुम्ही पसंत आहात."

"तुम्ही काय फक्त पाणी वाटायला आलात?"

जयवंतने खांद्यावरची पिशवी काढली आणि कट्ट्यावर ठेवली. "मला तुम्ही त्या लग्नातच पसंत होतात. म्हणून तर इतकी पाठांतरं केली. आता राहू दे. मी खाली जातो. नापास तर नापास." आणि तो गेला, पायऱ्या गाळत.

भाऊंनी हॅट काढली, घाम पुसला, पुन्हा घातली. माझी पाखरं बघायची पुन्हा वेळ आली.

आम्ही उतरलो तेव्हा जयवंत आईच्या पायाशी बसून गुडघा दाबत होता आणि मालनबाई त्याला ढकलत होत्या. "मेल्या, ऊठ. ते बघतायत." भाऊ दिसताच म्हणाल्या, "भाऊसाहेब, त्याला काही म्हणू नका. मीच बसले. कापायचे तर माझे मार्क कापा."

क्षमाने भाऊंना विचारलंही नाही. डबे घेऊन आली आणि त्या पहिल्याच पायरीवर उघडले. मालनबाईंची सोड्याची खिचडी, वहिनींचं वालाचं बिरडं. जयवंतने एक घास खाल्ला आणि क्षमाकडे बघितलं.

"बोला की आता," ती म्हणाली.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

वहिनींनी मुकाट्याने मिठाची पुडी पुढे सरकवली.

परतताना क्षमाने मालनबाईंना दंडाला धरून गाडीत बसवलं आणि शेजारी स्वतः चढली. वहिनीही चढल्या, लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांना या वाटेवर बसायला पहिल्यांदाच मिळालं. जयवंत चाकाच्या बाजूने चालत होता. भाऊ सवयीप्रमाणे सगळ्यांच्या मागे, गाडीच्या धुळीत. पुढे बायका बोलत होत्या, मध्येच गप्प होत होत्या, एकदा वहिनींनी पदर डोळ्यांना लावलेला दिसला. भाऊ दर थोड्या वेळाने मला विचारायचे, "काय चाललंय रे?" मी म्हणायचो, "चाक वाजतंय, ऐकू येत नाही."

"क्षमाचं तोंड दिसतंय का?"

"पाठ दिसतेय."

फाटकापाशी गाडी थांबली. मंडळी उतरून स्टेशनच्या रस्त्याला लागली. भाऊ मागे राहिले. बैलांना पाणी दाखवता दाखवता दशरथ म्हणाला, "भाऊ, पोरगी दिली ना? बरं केलंत. पोरगा सीधा हाय."

"कोणी दिली?"

"म्हातारीनं इचारलं, पोरगी हो बोलली. म्हातारीनं हातातली पाटली काढून तिला घातली. तुमची बाई रडली पण."

"कुठे?"

"नाल्याच्या उताराला. मी बोललो, गाडी कलते, सांभाळा. तरी घातली."

भाऊंनी वळून वाटेकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "नाला तर मैलभर मागे राहिला रे."