इंजिन निवेपर्यंत

डॉल्फिन दिसले म्हणून यशवंतकाकांनी होडीचं इंजिन बंद केलं, आणि ते पुन्हा चालूच होईना. दोरी ओढून ओढून काका घामाघूम झाले. "तापलंय. निवल्याशिवाय चालू व्हायचं नाय," म्हणत त्यांनी त्यावर ओलं पोतं टाकलं. ओहोटी आम्हाला खडकांकडे ओढत होती. वल्ह्यानं होडी आवरत ते म्हणाले, "ताई, पोत्याखाली हात लावून बघा. चटका बसेनासा झाला की सांगा."

लेकीला ताप असला की तिच्या कपाळावर हात ठेवून मी अशीच बसते. तिथेही घाई करून काही निवत नाही.

खडकांवर फुटणारं पाणी आता ऐकू यायला लागलं.

"निवलं का?" काकांनी विचारलं.

चटका बसत नव्हता. पण इंजिन निवलं होतं, की माझा हातच गार पडला होता, मला सांगता येईना.