शेवयांच्या मशीनची परवानगी

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, रामाकोन्याला. त्यातही संत्र्याचा तोडा आला की शाळा बंद. ही वही कोणाला दाखवायची नाही, पण कोणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्या. चार माणसांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

पांढुर्ण्याच्या आमच्या घराला पुढे एक छपरी आहे. बचत गटातून पैसे घेऊन मी तिथे शेवयांची मशीन बसवली. मोहल्ल्यातल्या बाया आपापला रवा भिजवून डब्यात घेऊन येतात आणि मी किलोच्या हिशेबाने शेवया पाडून देते. पहिला उन्हाळा छान गेला. मला फार बोलावं लागत नव्हतं, मशीनच्या आवाजात बायाच बोलत.

दुसऱ्या वर्षी शिवरात्रीच्या आधी लाइनमन आला. मीटर पाहून म्हणाला, "बाई, घरच्या मीटरवर धंदा चालत नाही. धंद्याचं मीटर घ्या. त्यासाठी नगर पालिकेची परवानगी लागते. होळीपर्यंत आणा, नाही तर लाइन कापावी लागन."

होळीनंतरच तर शेवयांची खरी गर्दी असते. लाइन कापली असती तर मशीन धूळ खात पडली असती, आणि गटाच्या बायांना मी काय तोंड दाखवलं असतं?

यांचं काम संत्रा मंडीत काट्यावर. हंगामात सुट्टी मिळत नाही. हे म्हणाले, "तूच जा. तिथं वाघ बसला आहे का?"

वाघ नव्हता, पण पहिल्या दिवशी मी कचेरीच्या दारापर्यंत गेले, चपला काढल्या, आत इतके लोक पाहिले आणि चपला घालून परत आले. घरी सांगितलं की बाबू नव्हते. दुसऱ्या दिवशी आत गेले. बाबूंनी हिंदीत कागदांची नावं सांगितली: घराच्या टॅक्सची पावती, छपरीचा नकाशा, शेजारच्या तीन घरांची हरकत नसल्याची सही. नकाशा मी शिलाईच्या टेपने मोजून पट्टीने काढला. बाबूंनी तो उलटासुलटा करून पाहिला, पण ठेवून घेतला.

दोन घरांच्या सह्या लगेच मिळाल्या. समोरच्या काकूंनी पेन हातात घेऊन मला बसवून ठेवलं.

"सही करतो वो, पण आमच्या शेवया पहिल्या नंबरनं."

"हो काकू."

"अन् बारीक जाळीच्या. मागच्या साली सुतळीसारख्या पाडून देल्या होत्या."

मग सही झाली.

एक दिवस निरोप आला की उद्या साहेब मौका पाहायला येतील. मौका म्हणजे जागा. कचेरीतला माणूस घरी येणार म्हणजे पाहुणाच की! मी पहाटेच उठले. छपरी धुतली, सडा टाकला, रांगोळी काढली. मशीनला पीठ चिकटलेलं होतं, ते पाहून साहेब नाही म्हणतील असं वाटलं. म्हणून यांच्या मदतीने ती उचलून मागच्या खोलीत नेली आणि तिच्यावर गोधडी टाकली. खाटा उभ्या करून ठेवल्या. एक बाई डबा घेऊन आली, तिला मी हात जोडून परत पाठवलं. छपरीत सतरंजी अंथरली.

साहेब आले. पोहे खाल्ले, चहा घेतला. "घर एकदम साफ है," म्हणाले. मग विचारलं, "काम कहाँ होता है?" मी पदर सावरून म्हटलं, "इथंच." त्यांनी सतरंजीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि निघाले. मला वाटलं, झालं काम.

आठ दिवसांनी कागद आला. यांनी वाचून दाखवला. मौक्यावर कोणताही व्यवसाय आढळला नाही, म्हणून अर्ज बंद.

हे इतके हसले की खाटेवर आडवे झाले. "अवो, पोरगी पाहाले पाहुणे येऊन राहिले असं घर सजवलं तू! मशीन पाहाले बोलावलं अन् मशीनच लपवली!"

मी चुलीपुढे बसून रडले. थोड्या वेळाने मलाही हसू आलं, पण होळीला बाराच दिवस उरले होते.

या वेळी कचेरीच्या दारात थांबले नाही. थांबले असते तर परत फिरले असते. सरळ बाबूंच्या टेबलापाशी गेले आणि म्हटलं, "साहेब, मशीन होती. मीच लपवली." आवाज जरा मोठाच निघाला असावा, कारण सगळी कचेरी माझ्याकडे पाहू लागली.

बाबूंनी चष्मा काढला. "लोग परमिशन से बचने के लिए मशीन छुपाते हैं. आपने परमिशन लेने के लिए छुपा दी?"

सगळे हसले. मला धरणी फाटावी असं झालं, पण पाय हलवले नाहीत. बाबूंनी अर्ज पुन्हा घेतला.

या वेळी साहेब न सांगता आले. माझे हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले. छपरीत आठ-नऊ बाया, खाटांवर पातळं अंथरून त्यावर शेवया, पाय ठेवायला जागा नाही. समोरच्या काकू शेवयांनी भरलेली काठी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी साहेबांना मोहल्ल्यातला कोणी समजून सांगितलं, "उभा काय राहिला बापा? धर इकडून जरा."

साहेबांनी काठी धरली. दोघांनी मिळून ती खाटेवर आडवी ठेवली. मी काकूंना खुणेने सांगत होते, त्या काही पाहत नव्हत्या.

साहेबांनी विचारलं, "आवाज़ से किसी को तकलीफ?"

"मशीनचा कायचा तरास? ही बाई तं बोलतसुद्धा नाही," काकू म्हणाल्या.

साहेब हसून लिहायला लागले. एकच मशीन, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, आणि खाटा रस्त्यावर टाकायच्या नाहीत, एवढ्या अटी. होळीच्या तीन दिवस आधी परवानगीचा कागद मिळाला. तो घेऊन मी एकटीच वीज कचेरीत गेले. नवं मीटर लागलं.

त्या उन्हाळ्यात लोधीखेड्याहूनही बाया डबे घेऊन येत. रोज सहाला मशीन बंद करून मी छपरी झाडत असे, अंग दुखायचं पण बरं वाटायचं. मशीन एक दिवसही बंद राहिली नाही. पावसाळ्याआधीच्या बैठकीत मी गटाचा शेवटचा हप्ता भरला. अध्यक्षबाईंनी माझ्या नावापुढे रेघ मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हिचे पूर्ण फिटले."