बुधवार-शनिवारचा आवाज

गॅरेजवर पाटी आहे, पण ती कुणी वाचत नाही. गाडीवाले एकमेकांना एवढंच सांगतात, "कानवाल्या मिस्त्रींकडे ने." गाडी दाराशी येऊन बंद होईपर्यंत तिचं दुखणं ओळखायचं, ही मिस्त्रींची पस्तीस वर्षांची ख्याती. इंजिनाची कुठली झडप कुरकुरतेय, कुठल्या चाकाचं बेअरिंग मान टाकणार आहे, हे ते चहाचा पेला खाली न ठेवता सांगत. घरी मात्र बायकोच्या तिसऱ्या हाकेला ओ देत. बायकोच्या मते हा निव्वळ आडमुठेपणा होता आणि तिने त्यावर बोलणं कधीच सोडून दिलं होतं.

गाडी तपासायची त्यांची एक रीत होती आणि ती मोडायची कुणाची टाप नव्हती. गाडीत ते एकटेच बसणार. मालकाने किल्ली द्यायची आणि बाकड्यावर बसून राहायचं. "मालक शेजारी बसला, की तो गाडीपेक्षा जास्त वाजतो," असं ते म्हणत आणि मालकही हसत.

अशा माणसाला एका छोट्या पांढऱ्या गाडीने पार जेरीस आणलं.

गाडी शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंची. "मागून काहीतरी किणकिणतं हो," बाई म्हणाल्या, "काचेच्या पेल्याला चमचा लागावा तसं." मिस्त्री एकटे फिरून आले. आवाज नाही. बाई खोटं कशाला बोलतील, म्हणून मागच्या शॉकअपचे झिजलेले बुश बदलले. आठ दिवसांनी बाई परत. पुन्हा फेरी, पुन्हा शांतता. सायलेन्सर लटकवणारी रबरं बदलली. बाई तिसऱ्यांदा आल्या, त्या कागद घेऊनच. महिनाभराच्या तारखा, पुढे वार, पुढे बरोबरच्या आणि चुकीच्या खुणा.

"फक्त बुधवारी आणि शनिवारी वाजते," बाई ओशाळून म्हणाल्या. "मलाच भास होतो की काय, असं वाटायला लागलंय."

मिस्त्रींनी कागद सुलटा धरला, उलटा धरला. गाडीला वार कळायला लागले, तर आपण दुकान बंद करून पंचांग बघायला बसावं! त्यांनी गाडी जॅकवर चढवली आणि खाली उताणे पडले. टाकी आणि सायलेन्सर यांच्यामध्ये उष्णता अडवणारा एक पातळ पत्रा असतो. त्याच्या कडेला एक चकचकीत रेघ दिसली. काहीतरी घासतंय म्हणावं, तर जवळ फक्त मागची चाकं जोडणारी ॲक्सलची दांडी आणि ती पत्र्यापासून चांगली वीतभर लांब. खडा लागला असेल, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. पण डोकं काही ते सोडेना. रात्री जेवताना ते बायकोला म्हणाले, "या खेपेला नाही सापडलं, तर शटर ओढायचं. ज्या कानावर भाकरी खाल्ली, तोच गेला तर लोकांना फसवत कशाला बसायचं?" बायकोने आमटी वाढली.

त्याच आठवड्यात मुलगी चार दिवसांच्या रजेवर आली. ती मोटारींच्या कारखान्यात डिझाइन करते. गाडीच्या बुडाखाली काय कुठे बसवायचं, हे ठरवणं तिचं काम. "तुम्ही थंडगार खोलीत बसून आकृत्या काढता, आम्ही उताणे पडून निस्तरतो," हे बापाचं ठरलेलं स्वागत. मग त्यांनी हळूच बाईंचा कागद तिच्यापुढे सरकवला.

तिने कागद वाचला आणि सरळ बाईंना फोन लावला. "बुधवारी आणि शनिवारी गाडीत वेगळं काय असतं?"

"आई असते. तिला व्यायामाला नेते ना! ती मागे बसते आणि डिकीत तिची चाकांची खुर्ची."

मुलीने बापाकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही गाडीत मागे कुणाला बसवून पाहिलंत?"

मिस्त्रींना तोंडात मारल्यासारखं झालं. पस्तीस वर्षं ते रिकामीच गाडी ऐकत होते.

शनिवारी मग वरातच निघाली. बाई गाडी चालवायला, मिस्त्री शेजारी, मागे बाईंची आई म्हणजे आजी, त्यांच्या शेजारी मुलगी, डिकीत खुर्ची. पहिल्या स्पीडब्रेकरवर गाडी दबली आणि बाई ओरडल्या, "हा बघा!"

"वाजलं की!" आजी आणि मुलगी एकदम म्हणाल्या.

मिस्त्रींना काहीच ऐकू आलं नाही. टायरची घरघर होती, इंजिन होतं, पण किणकिण कुठेच नव्हती. तिघी एकदम कशा फसतील? की या तिघींनी मिळून थट्टा मांडलीय? दुसरा स्पीडब्रेकर आला. तिघी पुन्हा "हा!" म्हणाल्या.

"हां, आला," ते म्हणाले. आयुष्यात गाडीबद्दल ते पहिल्यांदाच खोटं बोलले.

"कुठून आला, बाबा?" मुलीने विचारलं.

"डावीकडून."

मुलीने आरशातून बापाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "चला, खाली बघू."

गॅरेजमध्ये तिने गाडी जॅकवर चढवू दिली नाही. "जॅकवर चाकं खाली लोंबतात, ॲक्सल लांब जातो. तुम्हाला वीतभर जागा दिसणारच." खालून तपासायला खणलेल्या खड्ड्यावर गाडी उभी केली, चाकं जमिनीवर आणि आजी मागे बसलेल्या. मिस्त्री खड्ड्यात उतरले. पत्रा आणि ॲक्सल यांच्यामध्ये जेमतेम बोट जात होतं. चकचकीत रेघ होती उजवीकडे.

"जागा जास्त ठेवायला तुमच्या लोकांचे हात मोडतात काय?" मिस्त्री खालून खेकसले.

"पत्रा वर सरकवला, तर टाकीला टेकतो. खाली घेतला, तर तापलेल्या सायलेन्सरला. नव्या गाडीत तीन बोटं सुटतात बाबा. आठ वर्षांत स्प्रिंगा बसल्या, पत्रा वाकला. दोन्ही थोडं थोडंच झालं, म्हणून एकेकटं बघून काही दिसत नाही."

पत्रा सरळ करून नीट आवळायला वीस मिनिटं लागली. पुन्हा सगळे गाडीत बसले, पुन्हा तेच स्पीडब्रेकर. मिस्त्रींच्या लेखी आधीची शांतता आणि आताची शांतता सारखीच होती. गाडी दुरुस्त झाली की नाही, हे त्यांना कळत नव्हतं.

"गेला का?" त्यांनी विचारलं.

"गेला!" बाई खुशीत म्हणाल्या.

बाई गेल्यावर बापलेक बाकड्यावर बसले. बराच वेळ मिस्त्री चिंध्यांनी हात पुसत राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"मला आवाज आलाच नाही, पोरी."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील. फोनवर माझ्याशी बोलायचं म्हटलं, की तुम्ही आईकडे देता. जाड आवाज येतात तुम्हाला. बारीक गेले. हातोडी ठोकणाऱ्यांचे असेच जातात. आईला वाटतं, तुम्ही मुद्दाम करता."

दोन वर्षं! मिस्त्री चक्रावून गेले. शटर ओढणं एक वेळ सोपं होतं. पण या दोन वर्षांत "गाडी ठणठणीत आहे" म्हणून किती जणांना माघारी पाठवलं? त्यांना भीती वाटली आणि लाजही. बेकरीवाला आठवला. त्याच्या डिलिव्हरीच्या गाडीत पुढून शिट्टी वाजते म्हणून तो दोनदा आला होता. मिस्त्रींनी त्याला चारचौघांत हसून घालवलं होतं, "अहो, तुमचे पावाचे ट्रे वाजत असतील."

त्यांनी फोन लावला आणि स्पीकर चालू करून मुलीच्या जवळ धरला.

"मिस्त्री बोलतोय. ती शिट्टी अजून वाजते का?"

"वाजते की," बेकरीवाला म्हणाला. "पण तुम्ही नाही म्हणालात, म्हणून मी लक्ष देणंच सोडलं."

मुलीने ते वाक्य बापाला पुन्हा मोठ्याने सांगितलं. पुढची शिट्टी ब्रेकची असली, तर ब्रेक एव्हाना झिजून संपत आले असणार. मिस्त्रींनी मान खाली घातली.

"उद्या सकाळीच घेऊन या," ते फोनमध्ये म्हणाले. "हळू चालवत या. आणि चाचणीला तुम्ही माझ्या शेजारी बसा. मला ती ऐकू येत नाही."