चौथी चिंधी

आम्ही बेंगळुरात राहायचो त्या वर्षांत अख्ख्या शहरात मनापासून हेवा करावा अशी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे बनशंकरीतल्या आमच्या घरमालकीणबाई. आणि तो हेवा मी सलग सहा वर्षं, एकही दिवस न चुकवता केला. लोक दुसऱ्याच्या बंगल्याचा करतात, बढतीचा करतात, फार तर दाट केसांचा करतात. मी साठी ओलांडलेल्या, इरकली लुगड्याचा पदर खोचून गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालणाऱ्या बाईंचा हेवा करत होतो. कारण त्या जे करत होत्या त्याची पदवी माझ्याकडे होती आणि करता मात्र त्यांना येत होतं.

सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. मूळच्या बेळगावकडच्या. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली, त्यामुळे कान असा की पलीकडच्या रस्त्यावरून गाडी गेली तरी हातातलं ताट तसंच धरून म्हणायच्या, "कार्बन धरलाय हिला." यजमान गेले तेव्हा मागे हे दुमजली घर राहिलं आणि एक जुनी निळी गाडी. ती चढाला धापा टाकायची म्हणून अक्कांनी गॅरेजात दिली, तर पहिल्यापेक्षा जास्त धापा टाकत परत आली. दुसऱ्या खेपेला अक्का घरचं स्टूल घेऊन गॅरेजातच जाऊन बसल्या. मिस्त्री म्हणाला, "अक्का, उद्या या." अक्का म्हणाल्या, "सरी, बरं. उद्या पण येते, आज पण बसते." तीन दिवस बसल्या आणि चौथ्या दिवसापासून त्यांना मिस्त्रीची गरज उरली नाही.

पेट्रोल आणि हवा ज्या वाटेने इंजिनात शिरतात त्या वाटेला आतून काळा चिकट थर बसतो, तव्याच्या कडेला बसतो तसा. तो काढणं हे अक्कांचं व्रत होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कुणाची ना कुणाची गाडी आमच्या अंगणात उघडी पडलेली असायची. सुटे केलेले नट-बोल्ट मसाल्याच्या डब्यात, ज्या त्या वाटीत. जुने टूथब्रश रॉकेलच्या बरणीत उभे. खरवडायला बांबूची कामटी, स्वतः तासलेली. लोखंडाची पट्टी कुणी पुढे केली तर अक्का त्याच्याकडे अशा बघायच्या की त्याने ती मागच्या मागे खिशात घालावी. एकदा सिग्नलला त्या रिक्षातून उतरल्या, शेजारच्या मोठ्या गाडीच्या काचेवर टकटक केलं आणि आतल्या सुटातल्या गृहस्थांना म्हणाल्या, "तुमची गाडी खोकालीय की वो. रविवारी घेऊन या." रविवारी ते खरंच आले, म्हैसूरपाकाचा डबा घेऊन. तो म्हैसूरपाक मीही खाल्ला आणि तो मला गोड लागला नाही.

मी पुण्याचा मेकॅनिकल इंजिनिअर, फर्स्ट क्लास. कार्बन का साठतो हे मी फळ्यावर समीकरणासकट दाखवू शकलो असतो. कुठे साठतो हे बघायला कधी वाकलो नव्हतो. नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत, कॉम्प्युटरवर, परदेशातल्या कुठल्याशा विम्याचे प्रोग्रॅम लिहायचे. माझीही एक जुनी गाडी होती. ती बिघडली की बायको मला काही विचारायचीच नाही, गॅलरीतून थेट खाली हाक मारायची, "अक्का, जरा बघता का?" अक्का वर बघून म्हणायच्या, "का गं, घरात इंजिनिअर आहे की!" त्यांच्या बोलण्यात टोमणा नसायचा. तो मला ऐकू यायचा, एवढंच.

पण हे सगळं मी पचवलं असतं. एका डिसेंबरात बाबा महिनाभर राहायला आले आणि सगळं बिनसलं. बाबा कारखान्यात फोरमन होते, लेथवर उभं आयुष्य काढलेले. बोलणं मोजकं आणि माझ्याशी तर त्याहून मोजकं. मी फर्स्ट क्लासचा निकाल हातात ठेवला तेव्हा ते म्हणाले होते, "बरं झालं." पुढे मी मशीन सोडून कॉम्प्युटरकडे वळलो तेव्हा तेवढंही म्हणाले नाहीत. असा माणूस आल्याच्या दुसऱ्या दिवशी अक्कांशेजारी उपड्या डब्यावर जाऊन बसला आणि दोन तास उठला नाही. मी गॅलरीत पेपर धरून उभा होतो. खालून बाबांचं हसणं ऐकू आलं. बाबा हसतात! मला चौतीस वर्षांत पत्ता नव्हता. जेवायला वर आले ते हाताला रॉकेलचा वास घेऊन, आणि ताटावर बसता बसता बायकोला म्हणाले, "हिला म्हणतात इंजिनिअर." मी कोशिंबिरीकडे बघत राहिलो.

मग रोजचंच झालं ते, गाडी उघडी असो वा नसो. ते दोघं खाली, मी वर. पुढच्या आठवड्यात अक्का भाचीच्या लग्नाला बेळगावला गेल्या आणि शनिवारी सकाळी मी जाहीर केलं की आज मी माझी गाडी स्वतः साफ करणार. बाबा नुसते बघत राहिले. मी एअर फिल्टर काढला, कार्ब्युरेटर उतरवला, त्यामागचा पाइप सोडवला. इंजिनात शिरणारी चार तोंडं समोर आली, काळीकुट्ट. खरवडलेला कचरा आत पडू नये म्हणून तोंडात चिंधी कोंबायची, हे मी गॅलरीतून पाहिलेलं होतं. दोरीवरचं एक जुनं बनियन ओढलं, फाडलं, चार चिंध्या केल्या. दुपारपर्यंत तोंडं आरशासारखी लखलखली. सगळं जागच्या जागी बसवलं आणि किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली आणि हिवताप आल्यासारखी कापायला लागली.

रविवारी सकाळी मी पुन्हा ती सुरू करून, जोर करून स्क्रू पिळत होतो, तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. अक्का एका हातात पिशवी, एका हातात लाडवांचा डबा घेऊन उतरल्या आणि जागीच उभ्या राहिल्या. "बंद कर, बंद कर! तीन पायांवर चालालीय."

मी बंद केली.

"चिंध्या किती घातल्या होत्यास?"

"चार."

"आणि काढल्यास किती?"

मी बॉनेटवरच्या चिंध्या मोजल्या. तीन होत्या. परत मोजल्या, तरी तीनच. मला वाटलं, आता अक्का पदर खोचतील, दोन मिनिटांत चिंधी काढतील आणि बाबा बघत राहतील. पण त्या पायरीवर बसल्या. "तूच खोल. स्वल्प सावकाश. मला चहा घ्यायचाय."

मी खोललं. बाबा डब्यावर बसून पाना पुढे करत होते, आणि दर वेळी बरोबर नंबरचा. चौथ्या तोंडातून काळी पडलेली चिंधी बाहेर आली तेव्हा त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "हे बनियन माझं आहे." अक्का इतक्या हसल्या की त्यांच्या बशीतला चहा सांडला. बाबाही हसले. मी हसलो नाही. आज वाटतं, हसायला हवं होतं.

पुढच्या वर्षी बाबा गेले. पुण्याहून सगळं आटोपून परत आलो तेव्हा सांत्वनाला येणाऱ्यांची रीघ होती. अक्का तेवढ्या आल्या नाहीत. चार दिवसांनी दुपारी त्या खालूनच म्हणाल्या, "गाडी काढ. उभी राहून राहून कार्बन धरला असंल. एकदा पळवायला लागतंय तिला." शहराबाहेर, होसकोट्याच्या रस्त्याला लागलो. गाव मागे पडलं तशा म्हणाल्या, "आता दाब." मी दाबलं. आरशात मागे काळ्या धुराचा लोट दिसला, मग तो विरळ झाला, मग दिसेनासा झाला.

रस्त्याकडे बघतच मी विचारलं, "अक्का, बाबा तुमच्याशी एवढं काय बोलायचे?"

"तुझंच की. दुसरं काय?"

"माझं?"

"पोरगं दमून येतंय का, जेवतंय का नीट. एक दिवस म्हणाले, अक्का, ह्यानं मशीन सोडलं ते आवडीनं सोडलं, का माझे हात बघून सोडलं? मी म्हटलं, अण्णा, मला काय विचारताय, त्यालाच विचारा की. सरी म्हणाले." थोडा वेळ त्या इंजिन ऐकत राहिल्या. "विचारलं काय तुला?"

"नाही."

होसकोट्याला आम्ही टपरीवर चहा प्यायलो आणि परत फिरलो. गाडी आता सुरळीत, हलकी पळत होती. बाबांच्या तोंडून रोज माझं नाव निघत होतं, हे कळल्यावर मन निवायला हवं होतं, आणि थोडं निवलंही. पण बोलणं माझ्याबद्दलचं असलं तरी बाबांचे ते तास अक्कांना मिळाले होते. शेजारी डोळे मिटून, खिडकीवर हात टाकून बसलेल्या त्या बाईंचा मला सहा वर्षांत कधी वाटला नव्हता इतका हेवा वाटला.